बालपरवेशी आणि सव्विसावे वर्ष

पेशवेकालीन कागदपत्रे चाळणाऱ्यास ‘बालपरवेशी’ हा शब्द अनेकदा भेटतो. ‘परवरिश’ या फारसी शब्दाचे हे मराठी वळणाचे रूप. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या किंवा सरदाराच्या मुलांचे पालनपोषण व्हावे म्हणून सरकारातून जी नेमणूक करून दिली जाई, ती बालपरवेशी. कधी ती रोख असे, कधी जमिनीच्या रूपाने असे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी जी हजारो घरे उघडी पडली, त्यांच्या संदर्भात तर या शब्दाला विशेष अर्थ आहे. ज्या घराण्यांचे मूळपुरुष शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या फौजांबरोबर नर्मदेपलीकडे येऊन स्थायिक झाले, त्या आपल्यासारख्या कुटुंबांना हा शब्द परका वाटू नये.

ही कल्पना पेशव्यांच्याही आधीची आहे. अफजलखानाच्या प्रसंगानंतर, म्हणजे १६५९ साली, शिवछत्रपतींनी आपल्या लोकांची कशी वास्तपुस्त केली याची हकीकत कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत दिली आहे. जे पडले त्यांचे मुलगे चाकरीत घेतले. ज्यांना मुलगे नव्हते त्यांच्या स्त्रियांना निम्मे वेतन चालविले. जखमींना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले. जखमेप्रमाणे मोजमाप, विधवेला वेतन आणि मुलाला आधार या तीन गोष्टी आजच्याही कोणत्याही देशाच्या निवृत्तिवेतन कायद्यात पायाभूत म्हणून सापडतील.

मात्र या जुन्या व्यवस्थेत एक प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. मुलगा नेमका कितव्या वर्षापर्यंत ‘मूल’ समजायचा? त्याचे उत्तर व्यवहारातच होते. हाती तलवार पेलू लागली की मुलगा बापाच्या पथकात दाखल होई आणि परवरिशीची गरज आपोआप सरे. मुलगी सासरी गेली की तिचा भार त्या घराकडे जाई. बालपण आणि कर्तेपण यांच्यामध्ये रिकामी जागा नव्हती. आज ती आहे आणि चांगली सात-आठ वर्षांची आहे. बावीस वर्षांचा मुलगा कायद्याने सज्ञान असतो, मतदान करतो; पण त्याचे शिक्षण संपलेले नसते, नोकरी लागलेली नसते किंवा लागलेली नोकरी आजारपणाचा खर्च उचलणारी नसते. अशा वयात तो आजारी पडला आणि त्याचे वडील देशासाठी लढताना अपंग झालेले असले, तर त्याच्या औषधपाण्याची जबाबदारी कोणाची? सैनिकाच्या तरुण अपत्यास आरोग्यसेवेचे छत्र कोठवर असावे, हा प्रश्न असा निर्माण झाला.

या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत बोधप्रद कायदेशीर इतिहास अमेरिकेत घडला आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज तिकडे आहेत आणि ‘सव्विसाव्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यावर राहता येते’ हे वाक्य आपण त्यांच्या तोंडून ऐकलेले असते. पण सव्विसाव्या वर्षाची ही सवलत सर्वसामान्य नागरिकांच्या मुलांना मिळाली, तेव्हा युद्धात कायमचे अपंग झालेल्या किंवा त्या जखमांनी मरण पावलेल्या सैनिकांची मुले तिच्याबाहेर राहिली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. हे कसे झाले ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अमेरिकन यादवी युद्ध ऐन भरात असताना, जुलै १८६२ मध्ये, तेथील काँग्रेसने निवृत्तिवेतनाचा व्यापक कायदा केला. युद्धात मेलेल्या सैनिकाची विधवा, तिच्या पश्चात सोळा वर्षांखालील मुले आणि काही परिस्थितीत अवलंबून असलेली आई व बहिणी यांना त्यात स्थान मिळाले. पुढे ४ मार्च १८६५ रोजी, दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेताना, अब्राहम लिंकन यांनी लढलेल्या सैनिकाची, त्याच्या विधवेची आणि त्याच्या पोरक्या मुलाची काळजी घेणे हे राष्ट्राचे कर्तव्य म्हणून सांगितले. त्यांचे ते शब्द १९५९ साली तेथील माजी सैनिक प्रशासनाने ब्रीद म्हणून स्वीकारले. म्हणजे पोरक्या मुलाचा उल्लेख त्या व्यवस्थेच्या दारावरच कोरलेला होता. परंतु १८६२ च्या कायद्यातील सोळा वर्षे ही मर्यादा पैशाच्या नेमणुकीपुरती होती. आजारपणाचा विचार तीत नव्हता. कारण त्या काळी वैद्यकाजवळ देण्यासारखे आणि म्हणून महागण्यासारखे फारसे काही नव्हतेच.

सैनिकांच्या कुटुंबीयांच्या उपचारांची पहिली ठळक तरतूद १८८४ सालची. लष्करी वैद्यांनी अधिकारी आणि शिपाई यांच्या कुटुंबीयांना ‘शक्य असेल तेव्हा’ विनामूल्य तपासावे, असे तीत म्हटले होते. ‘शक्य असेल तेव्हा’ या तीन शब्दांत हक्क आणि मेहेरबानी यांतील सारे अंतर सामावलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी तरुण सैन्यात गेले, त्यांच्या गरोदर स्त्रिया मागे राहिल्या. तेव्हा १९४३ मध्ये कनिष्ठ चार वेतनश्रेणींतील सैनिकांच्या बायकांची बाळंतपणे आणि अर्भकांची शुश्रूषा सरकारी खर्चाने करण्याची योजना निघाली. बारा लाखांहून अधिक बाळंतपणांना तिचा लाभ झाला. युद्ध सरले आणि काही वर्षांत योजनाही सरली. जून १९५६ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केलेल्या कायद्याने सेवेतील सैनिकांच्या कुटुंबीयांना खासगी रुग्णालयांतूनही उपचार मिळण्याची वाट उघडली. १९६६ च्या दुरुस्तीने ती अधिक रुंद होऊन निवृत्त सैनिक व त्यांची कुटुंबे तीत आली. या योजनेचे त्या वेळचे नाव ‘चॅम्पस’. पुढे १९९० च्या दशकात तिचेच ‘ट्रायकेअर’ झाले.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढची सारी गुंतागुंत त्यावर उभी आहे. अमेरिकेत वीस किंवा अधिक वर्षे नोकरी करून निवृत्तिवेतनासह बाहेर पडणारा तो ‘निवृत्त सैनिक’. त्याचे खाते संरक्षण विभागाकडे राहते आणि त्याची मुले ट्रायकेअरच्या छत्राखाली येतात. परंतु बहुसंख्य सैनिक दोन-चार वर्षे सेवा करून घरी परततात. ते ‘माजी सैनिक’ खरे, पण ‘निवृत्त’ नव्हेत. त्यांचे खाते माजी सैनिक प्रशासनाकडे. ते प्रशासन १९३० साली स्थापन झाले आणि पुढची चार दशके त्याची रुग्णालये केवळ माजी सैनिकांपुरती होती. व्हिएतनामहून चोविसाव्या वर्षी दोन्ही पाय गमावून परतलेल्या तरुणास उपचार मिळत. त्याच्या बायको-मुलांस मिळत नसत. तो कमावू शकत नसल्याने त्यांना नोकरीतून मिळणारा विमाही नव्हता. ही उणीव भरून काढणारा कायदा अध्यक्ष निक्सन यांच्या सहीने ऑगस्ट १९७३ मध्ये झाला. सेवेमुळे पूर्णतः आणि कायमचा अपंग झालेल्या किंवा त्यामुळे मृत्यू पावलेल्या माजी सैनिकाच्या पत्नीस व मुलांस उपचारखर्चाचा मोठा वाटा सरकारातून मिळू लागला. या योजनेचे नाव ‘चॅम्पव्हा’. तिला मासिक हप्ता नाही. वर्षारंभीची एक अल्प रक्कम कुटुंबाने सोसायची आणि त्यानंतरच्या मान्य खर्चाचा चौथा हिस्सा. अत्यंत कनवाळू कायदा होता तो.

मात्र ‘मूल’ या शब्दाची व्याख्या त्याने निवृत्तिवेतनाच्या कायद्यातूनच उचलली. अविवाहित आणि अठरा वर्षांखालील ते मूल. पूर्ण वेळ शिक्षण घेत असेल तर तेवीस वर्षांपर्यंत. आणि अठरा वर्षांचे होण्यापूर्वीच कायमचे परावलंबी झाले असेल, तर वयाची अट नाही. ट्रायकेअरची मर्यादा थोडी सैल, सरसकट एकवीस आणि विद्यार्थी असेल तर तेवीस. कायदे करणारांनी हे आकडे निष्काळजीपणे निवडले असे म्हणता येणार नाही. १९७३ सालच्या अमेरिकेत अठराव्या वर्षी शाळा सोडून मोटारीच्या किंवा पोलादाच्या कारखान्यात लागलेल्या मुलास पगाराबरोबर विमाही मिळे. शिकणाऱ्यास तेवीसपर्यंत आधार होता आणि पदवी हाती आली की तोही नोकरीला लागे. व्याख्या त्या काळच्या समाजाच्या अंगाबरोबर बेतलेली होती.

पुढे समाज बदलला, कारखाने मिटले, विम्यासह मिळणाऱ्या नोकऱ्या आटल्या, तात्पुरत्या कामांचे प्रमाण वाढले. विसाव्या शतकाच्या अखेरीस विम्याविना राहणाऱ्यांत सर्वांत मोठे प्रमाण विशी-पंचविशीतल्या तरुणांचे झाले. विद्यार्थी असण्याची अट तर काही वेळा क्रूर ठरे. न्यू हॅम्पशायरमधील मिशेल मोर्स ही विद्यार्थिनी आतड्याच्या कर्करोगाने आजारी पडली. शिक्षण थांबविले तर आईवडिलांच्या विम्यातून नाव जाणार, म्हणून उपचार चालू असतानाच ती पूर्ण वेळ वर्गात जात राहिली. २००५ मध्ये तिचा मृत्यू झाला आणि तिच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २००८ मध्ये मंजूर झाला. आजारपणामुळे शिक्षण सोडावे लागले तरी वर्षभर विमा तोडू नये, असे त्याने ठरविले. चॅम्पव्हाच्या कायद्यात असे एक कलम आधीच होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. शिकत असताना आजारी वा जायबंदी झालेल्या मुलाचे छत्र बरे झाल्यानंतर सहा महिने, अथवा आजार उद्भवल्यापासून दोन वर्षे, अथवा तेविसावा वाढदिवस, यांपैकी जे आधी येईल तोवर टिके. दया होती, पण तीही वाढदिवसाशी येऊन थांबत होती.

त्यानंतर २३ मार्च २०१० रोजी अध्यक्ष ओबामा यांनी आरोग्यविम्याच्या प्रसिद्ध कायद्यावर सही केली. त्यातील सर्वाधिक लोकप्रिय ठरलेली तरतूद सव्विसाव्या वर्षाची होती. मुलगा शिकत असो वा नसो, विवाहित असो वा अविवाहित, वेगळा राहत असो वा घरी, सव्विसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत त्याला आईवडिलांच्या विम्यात ठेवणे विमा कंपन्यांवर आणि मालकांच्या सामूहिक योजनांवर बंधनकारक झाले. परंतु त्या कलमाची भाषा ‘विमा कंपनी’ आणि ‘सामूहिक योजना’ अशी होती. ट्रायकेअर आणि चॅम्पव्हा या तांत्रिकदृष्ट्या विमायोजना नव्हत्या. त्या स्वतंत्र कायद्यांखालील सरकारी सुविधा होत्या आणि त्यांतील ‘मूल’ त्या-त्या कायद्यात बंदिस्त होते. परिणामी विक्रेत्याचे, शिक्षकाचे, बँकेतील कारकुनाचे मूल सव्विसापर्यंत गेले आणि सैनिकाचे मूल अठरा, एकवीस किंवा तेवीस येथेच राहिले.

यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. उलट सैनिकांच्या योजनांना या नव्या कायद्याचा धक्का लागू नये अशीच सर्वांची इच्छा होती. त्या योजनांतील लोकांना ‘विमा नाही’ म्हणून दंड होऊ नये यासाठी एप्रिल आणि मे २०१० मध्ये काँग्रेसने दोन छोटे खुलासेवजा कायदे तातडीने केलेही. पण ज्या भिंतीने धक्क्यापासून संरक्षण केले, तिनेच लाभही बाहेर अडवला. सरकारी नियमांशी ज्यांचा जन्मभर संबंध आला आहे, अशा आमच्यासारख्यांना हा प्रकार अनोळखी नाही. एखाद्या वर्गाला ‘विशेष’ म्हणून वेगळे काढले की सर्वसाधारण नियमात होणारी सुधारणा त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. तिच्यासाठी वेगळा आदेश निघावा लागतो आणि तो निघेपर्यंत तो ‘विशेष’ वर्ग सामान्यांच्या मागे राहतो.

चूक ध्यानात आल्यावर न्यू मेक्सिकोचे प्रतिनिधी मार्टिन हाइनरिक यांनी ट्रायकेअरच्या मुलांसाठी विधेयक आणले. त्यातील विषय संरक्षण खात्याच्या वार्षिक कायद्यात समाविष्ट झाला आणि ७ जानेवारी २०११ रोजी त्यावर सही झाली. ‘ट्रायकेअर यंग अ‍ॅडल्ट’ ही योजना अशी जन्मली. ती सव्विसाव्या वर्षापर्यंत जाते; परंतु दोन अटींवर. मुलगा अविवाहित हवा आणि योजनेचा संपूर्ण खर्च हप्त्यातून वसूल व्हायला हवा. २०११ साली हा हप्ता दरमहा १८६ डॉलर होता. २०२४ पर्यंत त्यातील स्वस्त पर्यायाचाही दर तीनशे डॉलरांच्या पुढे गेला. खासगी विम्यात मूल कौटुंबिक हप्त्यातच सामावते, लग्न झाल्याने बाहेर पडत नाही. सैनिकाच्या मुलास मात्र स्वतंत्र आणि पुरा हप्ता. तरीही दार उघडले हे खरे.

चॅम्पव्हाचे दार मात्र त्या वेळी उघडले नाही. संरक्षण खात्याचा वार्षिक कायदा दरवर्षी मंजूर व्हावाच लागतो, त्यामुळे त्याच्या डब्यात बसलेले विषय पार पोहोचतात. माजी सैनिकांचे कायदे वेगळ्या समितीकडे जातात आणि नव्या कायमस्वरूपी खर्चाच्या बदल्यात बचत कोठून दाखवायची या प्रश्नाशी अडतात. अपंग माजी सैनिकांच्या जुन्या संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०२१ साली प्रतिनिधिगृहात कॅलिफोर्नियाच्या ज्युलिया ब्राउनली आणि सिनेटमध्ये ओहायोचे शेरॉड ब्राउन यांनी चॅम्पव्हाची मर्यादा सव्विसावर नेणारी विधेयके मांडली. तशी विधेयके त्याआधीही आली होती आणि नंतरही आली. परंतु २०२४ संपेपर्यंत त्यांचा कायदा झालेला नव्हता. म्हणजे ज्याने वीस वर्षे धडधाकट नोकरी केली त्याच्या मुलास २०११ मध्ये वाट मिळाली. ज्याने कधी गणवेश घातला नाही त्याच्या मुलास २०१० मध्येच मिळाली होती. आणि जो सर्वस्व देऊन बसला त्याचे मूल चौदा वर्षांनंतरही जुन्याच रेषेवर उभे होते. त्याग जितका मोठा तितकी सवलत तोकडी, असा हा उलटा हिशेब झाला.

यातला विशेष बोचरा भाग असा. कायमच्या अपंग माणसाच्या घरात मुले लवकर मोठी होतात. वडिलांना उठवणे, बसवणे, दवाखान्यात नेणे हे काम अनेकदा आईबरोबर मुलांकडेच येते. अशा मुलाने वडिलांच्या सेवेसाठी एक-दोन वर्षे महाविद्यालय सोडले, तर तो ‘पूर्ण वेळ विद्यार्थी’ राहत नाही आणि त्याचे छत्र जाते. स्वतःच्या आजारासाठी शिक्षण थांबविणाऱ्यास कायद्यात थोडी दया आहे. वडिलांच्या जखमेसाठी थांबविणाऱ्यास नाही. जी जखम या योजनेचे कारण, तिचीच शुश्रूषा केल्याने योजनेबाहेर जावे लागणे याहून मोठी विसंगती कोणती?

आणि तरीही याच अमेरिकन कायद्यात दुसरे एक उदाहरण आहे. व्हिएतनाममध्ये जंगले निष्पर्ण करण्यासाठी फवारलेल्या विषारी रसायनांचा परिणाम त्या सैनिकांच्या संततीवर झाला असावा, अशी शंका बळावली. पाठीच्या कण्याची नैसर्गिक वाढ अपुरी राहण्याचा ‘स्पायना बिफिडा’ हा विकार त्यांच्या अपत्यांत आढळे. सप्टेंबर १९९६ मध्ये झालेल्या कायद्याने अशा अपत्यांना वैद्यकीय सेवा आणि मासिक भत्ता मिळू लागला. यात वयाची मर्यादा नाही. चाळिशी-पन्नाशीचे अपत्यही ‘मूल’च मानले जाते, कारण येथे कायद्याने मुलाची जन्मतारीख न पाहता त्याच्या वडिलांचे काय झाले हे पाहिले. अठरा वर्षांपूर्वीच परावलंबी झालेल्या मुलाच्या बाबतीतही वयाची रेषा गळून पडते. म्हणजे जेथे गरजेचे कारण कायद्याच्या डोळ्यांसमोर राहिले तेथे वयाचा प्रश्न दुय्यम झाला. जेथे कारण विसरले गेले तेथे केवळ आकडा उरला.

आता आपल्याकडे वळू. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे आणि त्या भागातील गावोगावी माजी सैनिकांची घरे आहेत. तेव्हा हा विषय आपल्यालाही दूरचा नाही. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके आपल्या निवृत्त सैनिकाला लष्करी रुग्णालयात उपचार मिळत, ते खाट रिकामी असली तर आणि काही आजार वगळून. १८८४ च्या अमेरिकन कायद्यातील ‘शक्य असेल तेव्हा’ हीच ती भाषा. केंद्र सरकारच्या मुलकी नोकरांसाठी आरोग्ययोजना १९५४ पासून होती. सैनिकांसाठी तशी रचना येण्यास जवळजवळ अर्धशतक लागले. ३० डिसेंबर २००२ च्या आदेशाने मंजूर झालेली ‘माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना’ १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. आरंभी २२७ चिकित्सालये होती. २०१० मध्ये आणखी १९९ मंजूर झाली. सभासदत्वासाठी एकदाच अंशदान भरावयाचे. २०१७ अखेरच्या आदेशानुसार हवालदारापर्यंतच्या जवानांस ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांस ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांस १,२०,००० रुपये असे ते ठरले. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांस आणि युद्धविधवांस ते माफ. दुसऱ्या महायुद्धातील वृद्ध सैनिक, आणीबाणीच्या काळातील व अल्पमुदतीचे अधिकारी आणि मुदतीपूर्वी निवृत्ती घेतलेले यांना मार्च २०१९ मध्ये या योजनेत घेण्यात आले. छत्र एकदा उघडले की त्याखाली वगळलेल्यांना आणता येते, याचे हे आपल्याकडील उदाहरण.

मुलांबाबत या योजनेचा नियम असा. मुलगा कमावू लागेपर्यंत, त्याचा विवाह होईपर्यंत किंवा त्यास पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांतील जे आधी घडेल तोवर तो अवलंबित. मुलगी कमावू लागेपर्यंत किंवा विवाह होईपर्यंत, वयाची अट नाही. विधवा वा घटस्फोटित होऊन परत आली आणि तिला उत्पन्न नसेल, तर तीही अवलंबित. अपंग अपत्यास वयाची मर्यादा नाही. अमेरिकेशी तुलना करता आपला नियम दोन ठिकाणी उदार आहे. विद्यार्थी असण्याची अट नाही आणि मुलीला वयाची रेषा नाही. बालपरवेशीमागे जी कुटुंबकल्पना होती, तीच या नियमातही दिसते. मुलगा कर्ता होतो, मुलगी दुसऱ्या घरी जाते किंवा या घरी राहते. पंचवीस हा आकडाही आपल्या कुटुंब-निवृत्तिवेतनाच्या नियमांतून ओळखीचा आहे.

परंतु कर्ता होण्याचे वय आपल्याकडेही पुढे सरकले आहे. वैद्यकीचे किंवा संशोधनाचे शिक्षण, स्पर्धा परीक्षांची वर्षे, कंत्राटी नोकऱ्या यांत पंचविशी केव्हा उलटते ते कळत नाही. पंचविसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडाचा विकार उघडकीस आला, तर जवानाच्या घरासमोर पुढचा रस्ता कोणता? आपल्याकडे खासगी विमा घेता येतो, पण आजार जडल्यावर तो मिळणे किती कठीण असते हे सर्वांस ठाऊक आहे. आणि युद्धात जायबंदी झालेल्याचा मुलगा व सुखरूप निवृत्त झालेल्याचा मुलगा यांना आपल्या नियमात एकच रेषा आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

कोणताही नियम करताना कोठेतरी रेषा ओढावीच लागते. ‘सर्वांना सर्व काळ’ असे म्हणणाऱ्या योजना कागदावर राहतात, हे शासनात वर्षे काढलेल्यांस सांगायला नको. खर्चाचा प्रश्नही खोटा नाही. सैनिकांच्या आरोग्याचा पैसा त्यांच्याच अंशदानातून आणि सर्वांच्या करातून यायचा असतो, आणि वृद्ध सैनिकाच्या हृदयविकाराशी तरुण मुलाच्या उपचारांची स्पर्धा लावणे कोणाला आवडणार नाही. म्हणून आमचे म्हणणे मर्यादित आहे. रेषा दोन असाव्यात. सुखरूप निवृत्त झालेल्या सैनिकाच्या मुलासाठी पंचविशीनंतर काही वर्षे वाजवी हप्ता भरून छत्राखाली राहण्याची मुभा असावी. अमेरिकेचा २०११ चा मार्ग यासाठी पुरेसा आहे, फक्त हप्ता जवानाच्या निवृत्तिवेतनास झेपेल असा हवा. आणि जो रणांगणावर पडला किंवा कायमचा अपंग झाला, त्याच्या मुलाच्या बाबतीत शिक्षण पुरे होऊन स्थिर उपजीविका मिळेपर्यंत हप्त्याशिवाय हे छत्र असावे. अशा मुलांची संख्या कोणत्याही देशात मूठभर असते. त्यांच्यासाठी लागणारा पैसा तिजोरीस जड होतो असे म्हणणे अवघड आहे. जड होते ते केवळ व्याख्या बदलणे.

अमेरिकेच्या या दीडशे वर्षांच्या वाटचालीतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. अपंग सैनिकाची मुले मागे राहिली ती कोणी त्यांच्याविरुद्ध मत दिले म्हणून नाही. मूळ कायदा करताना घेतलेली एक व्याख्या पुढे कोणी पुन्हा उघडून पाहिली नाही, म्हणून ती मागे राहिली. सभासदाच्या बखरीतील तो राजा जखम पाहून होन देत होता. वय विचारत नव्हता. आपल्या नियमावलीत ‘अवलंबित’ या शब्दापुढे पंचवीस हा आकडा लिहिणाऱ्यांनी आणि तो वाचून हरकत न घेणाऱ्या आपण सर्वांनी, दर दहा वर्षांनी तरी एकदा त्या जखमेकडे पाहून मग आकड्याकडे पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.